घर विकले त्यांचे, बिऱ्हाड हलले आमचे!

लग्नाचा खर्च आधी अंदाजपत्रक मांडून करता येतो; बिऱ्हाड हलवण्याचा खर्च सामान उचलल्यावरच कळतो. त्यातून ते बिऱ्हाड आपल्या मर्जीने नव्हे, तर मालकाने जागा विकली म्हणून हलवावे लागले, तर पहिला प्रश्न तोंडी येतो तो हा, की हमाली कोणी द्यायची?

आमच्यापुढे हा प्रश्न आला तो कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसॉगा शहरी, २०२३ च्या सप्टेंबरात. आम्ही तेथे बाराव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अशा ब्लॉकला तिकडे ‘काँडो’ म्हणतात. इमारतीचा कारभार पाहणारी संस्था एक, ब्लॉकचा मालक दुसरा आणि भाडेकरू तिसरा. म्हणजे आपल्या सोसायटीसारखाच संसार!

जागा विक्रीला निघाली. चोवीस तास आधी लेखी कळवून, सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात गिऱ्हाईक आणण्याचा मालकाला तेथे हक्क आहे. त्यामुळे तीन आठवडे अनोळखी जोडपी आमच्या दिवाणखान्यातून फिरत होती. एका बाईंनी तर स्वयंपाकघरात शिरून हिंगाच्या वासाने असे काही नाक मुरडले, की आमच्या सौ.ने त्यानंतर प्रत्येक पाहुण्याच्या वेळी मुद्दाम फोडणी घातली!

पण विकायचे ते विकले गेलेच. दलालाचा फोन आला, “जागा विकली. आता तुम्हांला निघावे लागेल.”

वाचकहो, हे वाक्य अर्धेच खरे. ऑन्टारिओ प्रांताच्या २००६ सालच्या कायद्याप्रमाणे जागा विकल्याने भाडेकरूचा करार मोडत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, इतकेच. वर्षाची मुदत संपली तरी करार महिन्याच्या हिशेबाने आपोआप चालू राहतो. मात्र खरेदीदाराला स्वतः राहायचे असेल, किंवा त्याच्या पती-पत्नीला, मुलांना वा आईवडिलांना ती जागा हवी असेल, तर विकणाऱ्याला ‘एन-१२’ नावाच्या छापील नमुन्यावर किमान साठ दिवसांची नोटीस देता येते. नुसत्या तोंडी निरोपाला किंमत शून्य.

“छापील कागद हातात पडेपर्यंत एक खोके बांधायचे नाही,” सौ.ने जाहीर केले.

कागद आला. तीस नोव्हेंबरला जागा सोडायची होती. म्हणजे ऐन थंडीत, मुलीची शाळा चालू असताना. आता हमालीचे काय? कायदा ट्रक आणि हमाल यांचे नावसुद्धा काढत नाही. तो म्हणतो, एक महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई द्या, नाहीतर भाडेकरूला पसंत पडेल अशी दुसरी जागा द्या. खरेदीदारासाठी जागा रिकामी करून घेताना हा नियम लागू झाला तो २०२० पासून. ही भरपाई द्यायची विकणाऱ्याने, घेणाऱ्याने नव्हे, आणि तीही जागा सोडण्याच्या तारखेपर्यंत.

आमचे भाडे २,४०० डॉलर होते. मालकाचे पत्र आले, की सामानाच्या लिफ्टसाठी संस्था ३०० डॉलर अनामत मागते, ती यातून कापून घेईन. मी उलट लिहिले, “कायद्यात पूर्ण महिन्याचे भाडे म्हटले आहे, कापाकापीची सोय कोठे दिसत नाही. अनामत आम्ही भरू, भिंतीला ओरखडा न पडला तर आम्हीच परत घेऊ.” आठ दिवस उत्तर नाही. रात्री झोप नाही. अखेर अठ्ठावीस तारखेला पूर्ण रक्कम आली.

ट्रक, चार हमाल, खोकी आणि इतर किरकोळ मिळून १,८५० डॉलर लागले. उरले ५५०. पण नव्या जागेचे भाडे महिना ३५० नी जास्त! दोन महिन्यांत भरपाईचा धूर झाला. माणुसकीच्या मापाने मला ही भरपाई तोकडीच वाटते.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. ‘राहायला हवी’ ही थाप ठरली, तर जागा सोडल्यापासून वर्षाच्या आत तेथील घरमालक-भाडेकरू मंडळाकडे दाद मागता येते. मग हलवण्याचा वाजवी खर्च आणि वर्षभरातला भाड्यातला फरकही मंडळ मालकाकडून देववू शकते. म्हणून हमालांची पावती सौ.ने मंगळसूत्राच्या डबीत ठेवली आहे. मी हसलो नाही.

डोंबिवलीच्या माझ्या मेहुण्यांना हे फोनवर सांगितले, तर ते उसळले. त्यांना अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसेन्सवर सातव्याच महिन्यात उठवले होते, जागा विकली म्हणून! टेंपो आणि दुसऱ्यांदा दलाली त्यांच्याच खिशातून गेली. आपल्याकडे हा परवाना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली येतो. त्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे नवा मालक, केवळ जागा घेतली म्हणून, त्या परवान्याने बांधला जात नाही. पण ६३ वे कलम परवाना रद्द झाल्यावर सामान हलवण्यास वाजवी वेळ देते. आणि मोबदला घेऊन दिलेला परवाना मुदतीआधी, आपला दोष नसताना, देणाऱ्याने मोडला तर ६४ वे कलम त्याच्याकडून भरपाई मागू देते.

“त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?” मेहुणे म्हणाले.

ते खरेच. टेंपोच्या भाड्यासाठी वकिलाची फी कोण भरील? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदलेला लागतोच. मग त्यातच हा खर्च का लिहू नये? मेहुण्यांनी नव्या करारात एक ओळ घालून घेतली : मुदतीत जागा विकून उठवल्यास टेंपो, हमाली व दलाली मालकाने द्यावी. मालकाने बरीच कुरकुर केली, आणि दलालीतली निम्मी वजा करून सही केली.