धोब्याच्या पायातले कडे

भाद्रपद सरत आला की निफाड तालुक्यात पाहुणे उतरू लागतात. ओझरच्या आसपास द्राक्षबागांची छाटणी तोंडावर आलेली असते, बांधावरचे गवत गुडघाभर झालेले असते आणि चरणाऱ्या गुरांच्या पायांत पिवळे धोबी शेपटी हलवत किडे टिपत असतात. भोरड्या त्यांच्याही आधी हजर होतात. मागोमाग काळ्या डोक्याचे भारीट ज्वारी-बाजरीचा माग काढत येतात. याच तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. 1986 साली अभयारण्य झालेले हे पाणथळ 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. तिथली बदके आणि करकोचे पाहायला लांबून गाड्या येतात. वीस ग्रॅमही न भरणाऱ्या धोब्यासाठी मात्र कुणी दुर्बीण काढत नाही.

हा धोबी आला कुठून, गेल्या वर्षी आलेला तोच का हा, या प्रश्नांवरची जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे पायात अ‍ॅल्युमिनियमचे कडे. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या हान्स क्रिश्चियन मॉर्टेनसेन या शिक्षकाने 1899 मध्ये तिथल्या मैनांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घातली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, 1927 मध्ये धार संस्थानात हे काम सुरू केले.

पुढे त्याला जोर आला तो एका तापामुळे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणू लागली. गोचिडीतून पसरणारा तो विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग गोचिडी स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरून आल्या की काय? जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि 1959 पासून सालिम अलींच्या देखरेखीखाली भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्षी धरून, कडी घालून सोडले गेले. पक्ष्यांनी आजार आणल्याचे काही सिद्ध झाले नाही, पण स्थलांतराच्या नोंदींचा मोठा साठा देशाच्या हाती आला. त्यात बिहारच्या मीरशिकारांचा वाटा फार मोठा. पिढ्यानपिढ्या पक्षी धरून विकणाऱ्या या लोकांचे कसब शास्त्राच्या कामी आले, आणि शास्त्राने त्यांचे ऋण मोठ्याने सांगायला हवे.

कामाची सुरुवात उजाडण्यापूर्वी होते. बांबूंच्या आधाराने केसासारख्या बारीक धाग्याचे जाळे उभे करतात. पक्षी आदळला की जाळ्याच्या सैल झोळीत अलगद पडतो. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारावीच लागते, नाहीतर उन्हाने किंवा घाबरून तो दगावतो. सोडवताना बहुधा आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, मग डोके. कापडी पिशवीत घालून वजन, पट्टीवर पंखाची लांबी. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहातावर. आवळायचे नाही, सोडायचेही नाही. मग छातीवरच्या पिसांवर हलकी फुंकर. पिसे बाजूला होतात आणि पातळ कातडीखालचा गळ्याजवळचा खळगा दिसतो. लांबच्या प्रवासाहून नुकताच उतरलेला पक्षी असेल तर खळगा बहुधा रिकामा. मार्च-एप्रिलमध्ये परतीला निघालेल्याच्या त्याच खळग्यात पिवळसर चरबी भरलेली. पंखावरच्या नव्या-जुन्या पिसांच्या फरकावरून यंदाचे पिल्लू कोणते, हेही अनेकदा कळते. शेवटी खास पक्कडीने कडे मिटवायचे. ते पायावर सैल फिरले पाहिजे, पण निसटता कामा नये.

हेच जाळे चोरट्या शिकाऱ्यांच्याही हाती असते. म्हणूनच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पक्षी धरणे गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आता उपग्रहांच्या काळात कडी कशाला, असे विचारले जाते. 2022 मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना जीपीएस यंत्रे बसवली आणि त्यांचा प्रवास घरबसल्या दिसू लागला. फ्लेमिंगोला ते ओझे पेलते. धोब्याला तसले यंत्र बांधले तर तो उडायचाच नाही. कड्याचे वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते.

मात्र कडे स्वतःहून काही कळवत नाही. तो पक्षी पुन्हा कुणाला तरी सापडावा लागतो. जाळ्यात सापडेल, रस्त्याकडेला मेलेला दिसेल, द्राक्षबागेवरच्या जाळीत अडकेल. म्हणजे या शास्त्राचा अर्धा भाग शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या हाती आहे. पक्षी जिवंत असेल तर कडे काढायचे नाही. क्रमांक आणि अक्षरे वाचून, जमल्यास फोटो घेऊन त्याला सोडून द्यायचे. मेलेला असेल तर कडे जपून ठेवायचे. क्रमांक, तारीख आणि गावाचे नाव मुंबईच्या हॉर्नबिल हाऊसमधल्या बीएनएचएसला किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवले की तो पक्षी कुठे आणि कधी धरला होता, हे नोंदवहीतून शोधता येते. कडे परदेशातले असले तरीही हेच करायचे; त्यावर तिकडच्या केंद्राचे नाव असते आणि चौकशी तिथवर पोहोचवता येते.