एसटीच्या खिडकीतून काढलेली रेघ

आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला निघालात आणि एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर वही-पेन्सिल बाहेर काढा. घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलमधलं स्टॉपवॉच मागून घ्या. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, आणि त्यांच्या अधेमधे दर २०० मीटरला छोटे दगडही लावलेले असतात. काही झुडपात लपलेले, काही आडवे झालेले, पण शोधणाऱ्याला सापडतात.

समजा, एका छोट्या दगडापासून पुढच्यापर्यंत जायला १६ सेकंद लागले. २०० भागिले १६ म्हणजे साडेबारा. गाडी सेकंदाला साडेबारा मीटर पळतेय! पण ड्रायव्हरकाकांसमोरचा काटा ताशी किलोमीटर दाखवतो. मग? तासात सेकंद ३६००. तेवढ्या वेळात गाडी ४५,००० मीटर जाईल, म्हणजेच ४५ किलोमीटर. काटा ४५ च्या आसपास असणार. 'ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करताना पाच छेद अठराने गुणा' हे तुम्ही पाठ केलं असेल. ते पाच छेद अठरा म्हणजे १००० भागिले ३६००, एवढंच. हे एकदा स्वतः करून पाहिलं की गुणायचं की भागायचं, हा घोळ होत नाही.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर गोरेगावपासूनचं अंतर. दगड दिसला की एक ठिपका. गाडी एकाच वेगाने चालली तर ठिपके सरळ तिरक्या रेघेत येतात. वेग वाढला की रेघ चढी होते. फाट्यावर गाडी थांबली, तर? पुष्कळ मुलं इथे पेन्सिल उचलतात. उचलू नका! गाडी थांबली तरी घड्याळ चालूच आहे, म्हणून रेघ आडवी पुढे सरकते. मला आलेखातला हा आडवा तुकडा फार आवडतो.

परतीच्या प्रवासात रेघ खाली उतरते. याचा अर्थ रस्ता उताराचा आहे असा नाही. गोरेगाव जवळ येतंय, एवढाच. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. आणि ही रेघ अगदी सरळ उभी कधीच होत नाही. झाली, तर गाडी एकाच क्षणी गोरेगावातही असेल आणि हिंगोलीतही!

गंमत म्हणजे, असाच आलेख आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लाटा टिपणारं एक भलंमोठं यंत्र काढणार आहे. या लाटा अंतरं किंचित ताणत-आकसवत जातात. त्याचं नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली, आणि पुण्याची आयुका ही संस्था त्यात सहभागी आहे. काटकोनात पसरलेल्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून धावणारा लेझर. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी गुरुत्वीय लाट पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तिथून निघालेली ती लाट! तिच्यामुळे भुजांच्या लांबीत पडलेला फरक किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या साधारण चारशेव्या भागाएवढा. आडव्या अक्षावर इथेही वेळच, उभ्या अक्षावर मात्र हा लांबीतला फरक. पण सगळी नागमोडी रेघ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपली.

एक गणित करू. अमेरिकेतल्या त्या दोन यंत्रांत सुमारे ३००० किलोमीटर अंतर आहे. लाट प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. एका यंत्रावरून थेट दुसऱ्याकडे गेली, तर लागेल सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे १० मिलिसेकंद. प्रत्यक्षात दोन्ही नोंदींत फरक होता सुमारे ७ मिलिसेकंदांचा. म्हणजे लाट तिरकी आली होती! अशा फरकावरूनच ती आकाशाच्या कुठल्या बाजूने आली याचा अंदाज बांधतात. औंढ्याचं यंत्र त्या दोघांपासून कितीतरी लांब, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असेल. तिथल्या नोंदीत वेळेचा फरक आणखी मोठा पडू शकेल, आणि लाटेची दिशा आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकी सांगता येईल.