मेंदूचा नकाशा नेमका कोणाचा?

सातारा-सांगली भागात मेंदूचा आजार म्हटले की अनेक कुटुंबे मिरजेची वाट धरतात. तिथे पहिला शब्द कानावर पडतो तो ‘एमआरआय’. पण मेंदूचा एखादा भाग आकसला आहे का, हे संगणकाने मोजायचे तर तुलना कशाशी करायची? त्यासाठी लागतो ‘ब्रेन ॲटलास’, म्हणजे मेंदूचा संगणकीय नकाशा. तो कोणाच्या मेंदूवरून काढला, हा प्रश्न आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवा.

नकाशा कसा तयार होतो?

चेहऱ्यासारखाच प्रत्येकाचा मेंदूही वेगळा असतो. एमआरआय यंत्र मेंदूचे लाखो बारीक घनांत चित्र घेते. अनेक निरोगी माणसांची अशी चित्रे संगणक फिरवून, ताणून, दाबून एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो. मग त्यावर भागांची नावे येतात : स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस इथे, हालचालींचा पट्टा तिथे.

ही झाली रचना. कार्य कळण्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. माणूस बोलतो किंवा बोटे हलवतो, तेव्हा काम वाढलेल्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. यंत्र तो बदल टिपते आणि अनेकांची अशी माहिती नकाशावर चढवली जाते. गाठ काढताना वाचेचा भाग साधारण कुठे असेल, याचा अंदाज त्यातून मिळतो. खात्री मात्र त्या रुग्णाच्याच तपासणीतून करावी लागते.

नकाशातली माणसे

१९८८ साली प्रसिद्ध झालेला तालेराख आणि तूर्नू यांचा नकाशा जगभर वापरला गेला. तो मुख्यतः एका ६० वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संस्थेने १५२ जणांच्या सरासरीवरून नमुना तयार केला. तोही पाश्चात्त्य माणसांचाच. भारतीय मेंदू अशा नमुन्यावर बसवताना जास्त ताणावा-दाबावा लागतो आणि मोजमापात चूक शिरू शकते.

म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी १०० निरोगी भारतीयांच्या, म्हणजे ५० स्त्रिया आणि ५० पुरुषांच्या एमआरआयवरून २०१९ मध्ये भारतीय नकाशा मांडला. त्यात सरासरी भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानाने पाश्चात्त्य, चिनी व कोरियन नमुन्यांपेक्षा लहान आढळला. बातमी झाली ती एवढीच : ‘भारतीयांचा मेंदू लहान!’

लहान म्हणजे कमी?

अजिबात नाही. आइन्स्टाइनच्या मेंदूचे वजन सुमारे १,२३० ग्रॅम भरले होते, प्रौढ पुरुषांच्या सरासरीपेक्षा कमीच. स्त्रियांचा मेंदू सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतो, म्हणून त्यांची बुद्धी कमी ठरत नाही. हैदराबादचा नकाशा आजार ओळखण्यासाठी आहे, लायकी ठरवण्यासाठी नाही.

हे ठासून सांगायला हवे, कारण शरीर मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा प्रकार आपल्या देशात झाला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी, नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा सिद्धान्त मांडला होता. त्याच काळात साताऱ्याच्या शाळेत छोटा भिवा गोणपाटावर वेगळा बसत होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव त्या शाळेत दाखल झाले होते. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापांचेच तक्ते तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, हा निष्कर्ष काढला. आकडे नाकारण्याऐवजी त्यांनी ते स्वतः वाचले.

आपण काय करायचे?

‘मेंदू लहान’ छापाचा संदेश ग्रुपवर आला तर पुढे ढकलण्याआधी विचारा : किती जणांना मोजले? ते कोण होते? मोजमाप कशासाठी केले? १०० जणांत एवढा मोठा देश मावत नाही, हेही लक्षात ठेवा. नकाशात जास्त भाग, जास्त वयोगट आणि जास्त समाज यायला हवेत. मेंदूविज्ञान हे फक्त डॉक्टरांचे क्षेत्र नाही. गणित, संगणक, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र शिकणाऱ्यांनाही तिथे काम आहे. बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या आपल्या वस्तीतल्या मुला-मुलींना ही वाटही सांगा.