ताई, सोर्स प्लीज!

साडीवाल्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला की पहिली दाद 'सुंदर' अशी कधीच नसते. पहिला मेसेज येतो, 'ताई, सोर्स प्लीज!' दुसरा, 'सोर्स?' तिसरीला तेवढाही धीर नसतो, ती नुसतं प्रश्नचिन्ह टाकते. आणि मग ताईंची खरी परीक्षा सुरू होते. एखादी दिलदार ताई पत्ता, फोन नंबर, किंमत आणि एसटी स्टँडवरून रिक्षाला किती पडतात, इथपर्यंत सगळं लिहून मोकळी होते. दुसरी 'अगं, गिफ्ट आहे' म्हणून कटवते. (दर महिन्याला गिफ्ट? कमाल आहे बुवा!) तिसरी म्हणते, 'इनबॉक्स केलंय.' इथे समजून जायचं, बाईंनी साइड बिझनेस सुरू केलाय.

मी या दुनियेत शिरले 2015 साली. बंगळूरच्या अंजू मौदगल कदम आणि अ‍ॅली मॅथन या दोन मैत्रिणींनी त्या वर्षी 'हंड्रेड सारी पॅक्ट' सुरू केला होता. फंडा एकदम सोपा. वर्षभरात शंभर वेळा साडी नेसायची आणि त्या साडीची गोष्ट सांगायची. बस्स! जीन्स-कुर्तीत ऑफिसला जाणाऱ्या आमच्यासारख्या पोरी धडाधड आईचं कपाट उघडायला लागल्या. ते उपसून झाल्यावर पुढचा प्रश्न आलाच, आता नवीन आणायची कुठून? इरकल, नारायणपेठ, करवत काठी, खण... नावं आजीच्या तोंडून ऐकलेली, पत्ते मात्र आजीबरोबरच गेलेले. ते पुन्हा गोळा केले या ग्रुप्समधल्या बायकांनी. कुणी येवल्याची गल्ली शोधली, कुणी इलकलची बस पकडली. सरकारचा 'हँडलूम मार्क' 2006 साली आला, 'इंडिया हँडलूम ब्रँड' 2015 मध्ये. चांगल्याच गोष्टी आहेत. पण माझ्या ओळखीतल्या एकीलाही पहिला विणकर लेबल बघून सापडलेला नाही. तो सापडला कुणाच्या तरी 'हा घे नंबर, माझं नाव सांग' यातून.

मग सोर्स लपवणाऱ्या सगळ्या वाईट का? इथे गंमत आहे.

खणाचंच बघा ना. हे कापड मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या त्याच्या चोळ्या शिवल्या गेल्या. मग अचानक खण 'इन' झाला! खणाची साडी, खणाची पर्स, खणाचे कानातले, लॅपटॉपची बॅगसुद्धा. फोटो सुसाट पळाले, गुळेदगुड्डचं नाव मात्र मागेच राहिलं. आज 'खण' म्हणून गळ्यात मारलं जाणारं कितीतरी कापड पॉवरलूमवरचं, पॉलिएस्टरचं असतं. साड्यांचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 चा आहे, पण बाजारात फिरताना तो भेटत नाही हो कुठे. नक्कल करणाऱ्याला पत्ता लागतच नाही, त्याला फोटो पुरतो. पत्ता लागतो तो आपल्याला.

आता दुसरी बाजू. आमच्या ग्रुपवर ठाण्याच्या एकीने करवत काठी टाकली. कोशाचा मूळ मातकट सोनेरी रंग, लाल काठ आणि त्याला करवतीसारखे दाते. सॉलिड साडी! तिने मोठ्या मनाने भंडारा जिल्ह्यातल्या विणकराचा नंबरही देऊन टाकला. रात्रीतून त्यांच्या फोनवर मेसेजचा पाऊस. 'हीच हवी, पण काठ मोरपंखी', 'शुक्रवारी हळद आहे, कुरिअर करा ना', 'लास्ट प्राइस?' मी फोन केला तेव्हा काका वैतागून नाही, अगदी संकोचून म्हणाले, "मॅडम, माग एकच हाये जी माझ्याकडं. एवढ्या साड्या कुठून आणू?"

इथवर ठीक होतं. पण त्याच फोटोवर, त्यांच्याच गावाचं नाव लावून, कुणीतरी नकली माल विकला. एका बाईंनी पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी काकांच्या नंबरवर फोटो काढून पाठवली आणि नको नको ते बोलल्या. ज्यांनी ती साडी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढे पंधरा दिवस त्यांचा फोन बंद होता.

त्यानंतर ग्रुपवर जे जुंपलं ते विचारू नका. एक पार्टी म्हणाली, नंबर देणंच बंद. दुसरी म्हणाली, म्हणजे पुन्हा दलालांचीच चंगळ! मी दुसऱ्या पार्टीत. पत्ता दाबून ठेवला तर विणकराला मिळणारे पैसे मधल्यामध्ये कुणाच्या खिशात जातात, हे कळायला एमबीए लागत नाही. मात्र सोर्स म्हणजे नुसता नंबर नव्हे. माग किती, एका साडीला दिवस किती, आगाऊ रक्कम किती, घासाघीस चालते की नाही (नाही!) आणि मुख्य म्हणजे नंबर द्यायला विणकराची परवानगी आहे का, हे सगळं आलं त्यात.

आणि हो, साडी उलटी करून बघायला शिका, प्लीज. अस्सल करवत काठीत मधल्या अंगाचा धागा काठात शिरतच नाही. दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा तिसरा, तिन्ही धागे सांध्यावर एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. म्हणून काठाचा रंग भरीव दिसतो आणि दाते उलट्या बाजूनेही तसेच. नकलेत अंगाचा धागा थेट काठातून आरपार जातो, काठ मळकट वाटतो. पैठणीचंही तेच. हाताने विणलेल्या पदरावरचा मोर मागूनही मोरच दिसतो, 'सेमी'च्या पाठीला मात्र लोंबते किंवा कापलेले धागे असतात. 'सेमी' नेसण्यात कमीपणा काहीच नाही, ती 'सेमी' म्हणून आणि 'सेमी'च्या भावात घेतली की झालं.

काकांचा फोन आता सुरू आहे. नागपूरच्या एका मैत्रिणीने त्यांच्या परवानगीने मधली जबाबदारी घेतलीय, एक पैसाही न घेता. नंबर तिचा, वही तिची, पैसे थेट काकांच्या खात्यात. साडी मागावरून उतरली की काकांची मुलगी फोटो पाठवते, उलट बाजूचासुद्धा. 'अर्जंट आहे' म्हणणाऱ्यांना नागपूरकरीण सरळ सांगते, मग दुकानातून घ्या. वहीत मला अकरावा नंबर मिळालाय. सध्या मागावर चौथी साडी चढलीय.