तोंडातील तांबे, रक्तातील लोह

मुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की तंबाखूचे नाव प्रथम घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु तंबाखूचा व सुपारीचा अंमल ज्यावर चालतो ते तोंडाच्या आतील नाजूक अस्तर सबळ आहे की दुर्बळ, हे काही अंशी अन्नातून मिळणाऱ्या खनिजांवर अवलंबून असते, या गोष्टीची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही.

स्वीडनमधील डॉ. आल्बोम यांनी १९३६ साली असे निदर्शनास आणले की, मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाने पीडित झालेल्या पुष्कळ स्त्रियांना आधीपासूनच पंडुरोग जडलेला होता, त्यांची जीभ गुळगुळीत झाली होती, ओठांचे कोपरे चिरले होते आणि घास गिळताना त्यांना अडथळा होत होता. ही सारी लक्षणे दीर्घकाळच्या लोहाभावाची होत. १९५७ मध्ये विंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्येच केलेल्या पाहणीने या संबंधाला दुजोरा दिला. तोंडाच्या अस्तरातील पेशी सतत झडून नव्या येत असतात, आणि या अखंड नवनिर्मितीला लागणारी कित्येक विकरे लोहावाचून चालत नाहीत. लोह तुटले की अस्तर पातळ होते आणि कर्कजनक द्रव्यांना आत शिरण्यास वाट मिळते. पुढे तेथील आहार सुधारला, पिठात लोह मिसळण्याचा प्रघात पडला, आणि लोहाभावाचा तो विकार दुर्मीळ झाला.

तांब्याची कथा याहून आपल्या जवळची आहे. शरीराला तांबे हवेच, पण अल्प प्रमाणात. सुपारीत मात्र ते इतर कवचीच्या फळांच्या मानाने बरेच अधिक असते आणि चघळताना लाळेत उतरते. कोकणात व कर्नाटकात कोळेरोगापासून सुपारीच्या बागा वाचविण्यासाठी पावसाळ्यात मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. सुपारीतील तांब्यात त्याने भर पडते काय, याचाही विचार संशोधकांनी केला आहे. तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू असतात, आणि त्यांना एकमेकांशी घट्ट बांधणारे लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर तांब्याच्या बळावर काम करते. सुपारीतील अ‍ॅरेकोलिनमुळे तंतू वाढत असतानाच तांब्याचा हा पुरवठा दिवसेंदिवस गालाच्या आत होत राहिला, म्हणजे दोराला पीळ चढत जावा तसे ते मांस ताठर होते, तिखटाने आग होते, आणि अखेर तोंड उघडेनासे होते. १९५३ साली डॉ. जोशी यांनी वर्णिलेल्या या विकाराच्या रुग्णांचा केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात १७ वर्षे पाठपुरावा केला असता, त्यांपैकी ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाल्याचे आढळले. अशा रुग्णांत लोहाची कमतरताही वारंवार दिसते. तिखट सोसवत नाही म्हणून आहार घटतो, आणि एका खनिजाच्या अतिरेकात दुसऱ्याच्या अभावाची भर पडते. निव्वळ सुपारीही, तंबाखूवाचून, माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये दिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारीला निरुपद्रवी मानण्याची सवय कोणत्याही हुकमाने सुटणारी नव्हे.

जस्त व सेलेनियम यांच्याविषयीचा पुरावा अधिक मोघम आहे. जस्ताच्या अभावाने उंदरांच्या जिभेवरील अर्बुदांस चालना मिळते असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्यावरून माणसाने जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. लोहाचीही तीच गत आहे, कारण गरजेबाहेरचे लोह पेशींना अपायच करते. सबब रक्ताची तपासणी झाल्यावाचून व वैद्याच्या सल्ल्यावाचून गोळ्यांचा मार्ग धरू नये. बाजरी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, त्यांवर पिळलेले लिंबू आणि जेवणानंतर लगेच न घेतलेला चहा, एवढी सुधारणा बहुतेक घरांना झेपण्याजोगी आहे.

मात्र गालात सुपारी ठेवून वर पालेभाजी खाणाऱ्याचे रक्षण कोणतेही खनिज करू शकत नाही. वाचकहो, सुपारी आजच सोडा. आणि तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, गालावर पांढरा चट्टा दिसत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर विलंब न लावता दंतवैद्याला दाखवा.