बंदुकीचा हलका दस्ता

मनमाड जंक्शनांतून निघणाऱ्या लोहमार्गांपैकीं दोन मार्ग शस्त्रविद्येच्या गांवांस जाऊन मिळतात. एक भुसावळकडे जातो. त्याच्या पलीकडे वरणगांवास १९६४ पासून सैन्यासाठीं काडतुसें बनविणारा कारखाना आहे. दुसरा दौंडवरून पुण्याच्या दिशेस जातो. तेथें पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेंत भारतीय सैन्याच्या ‘इन्सास’ रायफलीचा आराखडा सिद्ध झाला. खुद्द मनमाडास रेल्वेच्या पुलांचे पोलादी गर्डर घडविले जातात. अशा पोलादाच्या गांवीं वाढलेल्या मनुष्यास, रायफलीचा दस्ता प्लॅस्टिकचा असतो असें सांगितलें, तर त्याची पहिली शंका हीच असेल, कीं बार उडतांच असली बंदूक फुटत कशी नाहीं?

शंका रास्त आहे. रायफलीचें काडतूस पेटतें तेव्हां नळींतील वायूचा दाब हवेच्या साध्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहूनही अधिक चढतो. हा दाब झेलते ती नळी, आणि काडतुसाच्या पाठीशीं घट्ट बसणारा बोल्ट. हे दोन्ही भाग पोलादाचेच असतात. दस्त्यापर्यंत दाब पोहोंचतच नाहीं, पोहोंचतो तो केवळ धक्का. पुलाचा भार गर्डर वाहतो, कठडा नव्हे. कठडा लांकडी असला तरी गाडी निर्धास्त पार होते.

पूर्वीं दस्ता बहुधा अक्रोडाचा असे. प्लॅस्टिक लांकडाहून हलकें, म्हणून तें आलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः अक्रोडाचें लांकूड पाण्यावर तरंगतें आणि नायलॉन बुडतें! प्लॅस्टिकचा गुण निराळा आहे. तें वितळवून सांच्यांत घालतां येतें, कांचेचे तंतू मिसळले म्हणजे ताठर होतें, आणि आंतून पोकळ ठेवून पातळ भिंतींवर व फांसळ्यांवर तेंच काम भागवितां येतें. शिवाय लांकूड ओल पितें. पावसाळ्यांत दारें फुगून चौकटींत अडकतात, हा अनुभव घरोघरचा आहे. तसाच दस्ता फुगला, कीं नळीवर दाबतो आणि नेम ढळतो.

मात्र हलकेपणाची किंमत खांद्यास मोजावी लागते. गोळी जितक्या नेटानें पुढें जाते, तितक्याच नेटानें बंदूक मागें येते. बंदूक हलकी, तर तिचा वेग अधिक. यास्तव बंदुकीबरोबर काडतूसही लहान झालें. जुन्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचें वजन सुमारें २४ ग्रॅम, तर ‘इन्सास’च्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाचें सुमारें १२ ग्रॅम. शंभर काडतुसांमागें सव्वा किलोच्या आसपास ओझें कमी होतें. खरी बचत दस्त्यांत नव्हे, शिपायाच्या कमरेच्या पट्ट्यांत झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्लॅस्टिकची खरी कसोटी थंडींत लागते. ‘इन्सास’चें मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचें करण्यांत आलें. कल्पना उत्तम, किती काडतुसें उरलीं, हें बाहेरूनच दिसावें. परंतु १९९९ मध्यें कारगिलच्या बर्फांत हीं मॅगझिनें तडकल्याच्या तक्रारी आल्या. कडाक्याच्या थंडींत प्लॅस्टिकच्या लांब रेणुसाखळ्या आखडतात, त्यांचें लवणें संपतें, आणि आपटल्यावर वांकण्याऐवजीं तें चिरतें. पत्र्याचें मॅगझिन अशा वेळीं पोचतें, परंतु सहसा फुटत नाहीं. आणि मॅगझिन गेलें, कीं उत्तम रायफलही एकेक काडतूस हातानें भरावयाची बंदूक होऊन बसते. ज्याच्या समोर शत्रू आहे त्यास ही उणीव किती जाचत असेल!

प्लॅस्टिकची बंदूक तपासणींत सांपडत नाहीं, हा धाक ऑस्ट्रियाच्या सैन्यानें १९८२ मध्यें ग्लॉक पिस्तूल स्वीकारल्यानंतर जगभर पसरला. त्यांत फारसें तथ्य नव्हतें. त्या पिस्तुलाची नळी व वरचा सरकता भाग पोलादी आहे, आणि तो क्ष-किरणांस स्पष्ट दिसतो.

जानेवारी २०२१ मध्यें पुण्याच्या याच संस्थेनें आणि महू येथील सैन्याच्या पायदळ-विद्यालयानें ‘अस्मि’ हें यंत्रपिस्तूल पुढें आणलें. तें चार महिन्यांत सिद्ध झालें. त्याचा वरचा सांगाडा विमानाच्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बनच्या तंतूंचा आहे. त्याचें काडतूस ९ मिलिमीटरचें. रायफलीच्या मानानें त्याचा दाब बराच कमी असतो, म्हणूनच येथें हलक्या द्रव्यांस अधिक वाव मिळाला.