पायांतील पेटके आणि घरचीं माणसें

शरीर आपलें असून तें आपल्या आज्ञेबाहेर जावें, यासारखें दुःख थोडेंच असेल. रात्रीं अंग अंथरुणाला टेकावें, डोळा लागूं पाहावा, तोंच एक पाय काठीसारखा ताठ व्हावा किंवा गुडघ्यांत दुमडून पोटाशीं ओढला जावा. आणि एका रात्रींत असें चार-पांच वेळां घडावें! मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीनें ग्रासलेल्या पुष्कळांच्या वाट्यास हे पेटके येतात. ही व्याधि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान जडते, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत तिचें प्रमाण दुपटी-तिपटीनें अधिक आढळतें. म्हणजे ज्या वयांत सून किंवा लेक घराचा भार उचलूं लागते, त्याच वयांत हा घाला येतो. म्हणून आजचा विषय आम्ही केवळ रोग्यापुढें न मांडतां सबंध कुटुंबापुढें मांडीत आहों.

मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टण असतें. विजेच्या तारेवर रबराचें आवरण असतें, तसेंच हें. शरीराची संरक्षक यंत्रणाच या वेष्टणावर उलटते, आणि तें जागोजागीं झिजून तेथें कठीण वण पडतात. पॅरिसचे विख्यात वैद्य शार्को यांनीं १८६८ सालीं या व्याधीचें पद्धतशीर वर्णन केलें. स्नायूंच्या आखडण्यावर एरव्हीं मेंदूचा लगाम असतो. तंतूंचा मार्ग बिघडला कीं तो लगाम सैल पडतो, आणि पायाला चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी स्नायू आखडतो. यांत रोग्याच्या इच्छेचा वा आळसाचा कांहींएक संबंध नाहीं. काल जी स्वयंपाकघरांत वावरली तिला आज उंबरठा ओलांडवत नाहीं, हें पाहून ज्या घरांत ‘ढोंग’ किंवा ‘बाधा’ हे शब्द उच्चारले जातात, तेथें रोगापेक्षां ते शब्दच अधिक जिव्हारीं लागतात.

आतां मुख्य मुद्दा. पेटका पुष्कळदां निरोप्या असतो. शरीरांत अन्यत्र कांहीं बोचत वा तुंबत असलें कीं त्याची वर्दी पायांतून मिळते. मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेलें मूत्राशय, मलावरोध, पाठीवर पडूं लागलेला शय्याव्रण, मांसांत रुतलेलें नख, घट्ट बूट, ताप, यांपैकीं कोणतेंही कारण पुरें होतें. पेटके एकाएकीं वाढले तर गोळी वाढविण्यापूर्वीं हीं कारणें एकेक करून तपासावींत आणि संसर्गाची शंका येतांच वैद्यास दाखवावें.

परंतु येथेंच आपली कौटुंबिक मर्यादा आड येते. लघवीची तक्रार सासऱ्यांच्या वा दिरांच्या कानीं जाऊं नये म्हणून सून ती सासूपाशींही काढीत नाहीं. वारंवार उठावें लागूं नये म्हणून ती पाणी पिणें तोडते. त्यानें मलावरोध होतो, संसर्गास वाव मिळतो, आणि पेटके दुप्पट होतात. त्यांत हरितालिकेचा निर्जळ उपवास आणि पाठोपाठ महालक्ष्म्यांची धांवपळ आली, म्हणजे पुढच्या रात्रींविषयीं बोलावयासच नको. व्रतवैकल्यांविषयीं आम्हांस अनादर नाहीं. परंतु अशा स्त्रीनें पाणी घेऊन उपवास करावा, किंवा मुळींच करूं नये, हें घरांतील वडील स्त्रीनें आपण होऊन सांगितलें पाहिजे. सुनेच्या तोंडून तें निघणार नाहीं.

घराची रचनाही पाहिली पाहिजे. मोर्णेच्या पश्चिम तीरावरील आमच्या जुन्या शहरांत, असदगडाच्या नि राजराजेश्वराच्या आसपासच्या जुन्या घरांत, उंच उंबरठे, अंधारे उभे जिने आणि पाटावरची बैठक हीं ठरलेलींच. जमिनीवरून उठतांना पाय आखडला तर पडण्याचें भय असतें. जेवणास खुर्ची, शौचास कमोड, भिंतीस धरावयाचा दांडा आणि निजण्यास खालच्या मजल्यावरील खोली, एवढें तरी करावें. पंगतीचा मान खुर्चीनें उणावत नाहीं.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. १८९० सालीं ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्यानें असें नमूद केलें कीं, श्रमानंतर या रोग्यांची दृष्टि तात्पुरती मंदावते. अंगांतील वाढलेली उष्णता हें त्याचें कारण पुढें स्पष्ट झालें. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नवें नाहीं. त्या दिवसांत पायांतील बळ ओसरलें तर व्याधि बळावली असें लगेच समजूं नये. अंग निवल्यावर तें बहुधा परत येतें. कामें सकाळींच उरकावींत, दुपारीं कूलर असलेली खोली तिला द्यावी. मात्र गार झोत थेट पायांवर येऊं देऊं नये, कारण कित्येकांस थंडीनेंही पेटके येतात.

व्यायाम सावकाश, रोज आणि हिसका न देतां करावा. उताणें निजून तळपायाला पंचा अडकवावा आणि पोटरी ताणली जाईपर्यंत हळूहळू ओढून अर्धा ते एक मिनिट तसेंच धरावें. हातांत बळ नसेल तर घरच्या माणसानें टाच तळहातांत घेऊन हेंच करावें. पेटका आला असतां पाय बळजोरीनें सरळ करूं नये; आधार देऊन तो ओसरूं द्यावा. कुशीवर निजून गुडघ्यांमध्यें उशी ठेवल्यास पुष्कळांस आराम पडतो. कढत तेल व कडक शेक टाळावा. त्वचेची जाणीव मंदावली असल्यास भाजलेलें कळत नाहीं.

औषधांत बॅक्लोफेन प्रमुख आहे. १९६२ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनींत तें अपस्मारासाठीं तयार झालें. उपयोगी पडलें तें मात्र ताठरपणावर. थोड्या मात्रेनें आरंभ करून वैद्याच्या सल्ल्यानें तें वाढवीत नेतात. तें एकाएकीं कधींही बंद करूं नये. झटके व भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून प्रवासास निघतांना गोळ्या पुरेशा आहेत ना, हें पाहावें. टिझानिडीन हें दुसरें औषध. त्यानें रक्तदाब उतरतो व गुंगी येते. मोजक्या स्नायूंसाठीं बोट्युलिनमची टोंचणी आणि हट्टी पेटक्यांसाठीं मज्जारज्जूभोंवतींच्या द्रवांत औषध सोडणारा पंप, हे पुढचे उपाय. मात्र ताठरपणा समूळ घालविण्याचा हट्ट नसावा. दुबळ्या पायाला पुष्कळदां त्याचाच टेकू असतो, आणि औषध अधिक झालें कीं उभें राहणारें माणूस खालीं बसतें.

मदतीचे मार्गही आहेत. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ सालीं मुंबईस स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत या व्याधीचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यांत कमीपणा मानूं नये.

वाचकांपाशीं आमचें मागणें एवढेंच कीं, अशी सून वा लेक घरीं असेल तर ‘बरी आहेस ना?’ एवढ्यावर थांबूं नये. त्या प्रश्नाला ‘हो’ एवढेंच उत्तर मिळतें. रात्रीं झोंप किती लागली, पाणी किती प्यालीस, लघवीला जळजळते का, हें वडीलकीच्या मायेनें आणि एकांतीं विचारावें. पेटक्याचें कारण पुष्कळदां तेथेंच सांपडतें.